हात गेला, घाम आटला नाही

मळणीयंत्रात हात गेलेला मजूर घरी बसून राहत नाही. शिरपूरच्या बाजारात अर्धा दिवस मापाचा हिशेब लिहितो. पण कमाई सांगायला भितो. का? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. म्हणजे साऱ्या घराला दिवसाला १३७ रुपये! त्यावर रुपया चढला की २०२५ मध्ये २,५०० रुपये झालेल्या मासिक अनुदानाचा हक्कच संपतो. कष्ट करणाऱ्याला एकतर लबाड करायचे, नाहीतर लाचार, असा हा कायदा.

आमची मागणी साधी आहे: दिव्यांगाच्या स्वतःच्या घामाची कमाई या मर्यादेत धरू नका. भावांनो, मायबहिणींनो, जिल्हा बैठकीला येताना गावातल्या अशा प्रत्येकाला सोबत आणा. त्याचा हिशेब त्यालाच मांडू द्या.