फ्लेक्सवर कुणाचं डोकं मोठं?

एप्रिल उजाडला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या सुसंस्कृत नाकांना फ्लेक्सची घाण येऊ लागते. शहर विद्रूप होतं म्हणे. भडक रंग, कशाचा कशाला मेळ नाही म्हणे. हीच कापाकापी आर्ट गॅलरीत काचेआड लागली की तिला कोलाज म्हणायचं, मान तिरपी करून बघायचं! तो वाद त्यांना लखलाभ. माझं भांडण आपल्याशीच आहे.

आधी जयंतीचा फ्लेक्स नीट बघा. कोळसेवाडीतल्या डीटीपीच्या एखाद्या गाळ्यात कोरल ड्रॉ, फोटोशॉप उघडून आपला पोरगा रात्रभर बसतो. सारनाथचा पाचव्या शतकातला दगडी बुद्ध कडेनं कापून घेतो. मागं कॅलेंडरछाप तेजोवलय लावतो. खाली संसदेची गोल इमारत. मध्ये बोट उंचावलेले बाबासाहेब. ती पोझ बी. व्ही. वाघ यांच्या, १९६७ साली संसदेच्या आवारात बसवलेल्या पुतळ्याची. अंगात निळा सूट. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. तो सूट निळा केला आपल्या पेंटरांनी! दगड, फोटो, कॅलेंडर, पुतळा. चार काळ, चार हात एका पडद्यावर. आमच्या आयांनी फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवली, तीच ही अक्कल. हिला कला म्हणायला मला कुणाची परवानगी नको.

पण उरलेला अर्धा फ्लेक्स बघा. शुभेच्छुक! नगरसेवक, भावी नगरसेवक, भाई, दादा, साहेब. गॉगल लावलेली डोकी ओळीनं. पैसे देणाऱ्याचं डोकं बाबासाहेबांएवढं, कधी त्याहून मोठं. रमाई कोपऱ्यात टिकलीएवढी. सावित्रीमाईंना जागा उरली तर. आणि रात्र जागवणाऱ्या पोराचं नाव? कुठंच नाही. कोण मोठा, कोण कोपऱ्यात, कोण कापला गेला, हेच कोलाजचं राजकारण. ते आपण गॉगलवाल्यांच्या हाती दिलं.

कात्री हे हत्यार आहे. जर्मनीत जॉन हार्टफिल्डनं १९३२ साली भाषण ठोकणाऱ्या हिटलरच्या फोटोला छातीचा एक्स-रे जोडला. आत काय? घशापासून पोटापर्यंत सोन्याची नाणी! सोनं गिळून हा कचरा ओकतो, हे एका चित्रात उघडं पडलं. १९३३ ला नाझी सत्तेवर आले आणि हार्टफिल्डला देश सोडून पळावं लागलं. आपल्या फ्लेक्समुळं कुणाची झोप उडते?

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. प्रतिमेची किंमत रक्तानं मोजलेला समाज आपण. आणि प्रतिमा वापरतो कशाला, तर सजावटीला?

आता तर यंत्र आलंय. वारली शैलीत बाबासाहेब दे, मधुबनी शैलीत बुद्ध दे, म्हणायचा अवकाश, क्षणात हजर. जोड दिसत नाही, कातडी गुळगुळीत, रंगही जरा उजळलेला. पण शैली काय झाडाला लागते? ती माणसांची असते. वारल्यांची चित्रं आज बिल्डरांच्या लॉबीत नाचतात. १९४५ साली याच वारल्यांनी तलासरी-डहाणूकडं, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध लाल बावट्याखाली उठाव केला. तो कुठल्या लॉबीत दिसतो? शैली ठेवली, माणूस कापला. आपणही एका क्लिकवर तेच करणार असू, तर बिल्डरमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणून पोरांनो, पुढच्या १४ एप्रिलला आधी शुभेच्छुकांची डोकी उडवा, फ्लेक्सवरची. पैसे कोण देणार? वस्ती देईल. पावत्या फाडूनच आपण जयंत्या केल्या. मोकळ्या झालेल्या जागेत गटारात उतरलेला माणूस लावा, आणि त्याच्या डोक्याशी हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा. वारली घ्याल तर उठावासकट घ्या. जोड लपवू नका, वाकळीचा टाका दिसलाच पाहिजे. आणि कोपऱ्यात कापणाऱ्याचं नाव टाका.

शहर विद्रूप दिसेल म्हणता? दिसू दे. आहे तसं दिसेल.