घरी दिसतं, बाहेर दिसत नाही!



शाळेचं भित्तिपत्रक तुम्ही कधी ना कधी केलं असेलच. कुणी निबंध लिहितं, कुणी चित्र काढतं, कुणी कोडी जमवतं. पण हे सगळं दप्तरातच राहिलं तर? कोण वाचणार ते? कागद फळ्यावर लागायला हवेत, फळा सगळ्यांना दिसेल अशा जागी हवा, आणि ‘भित्तिपत्रक कुठं लावलंय?’ असं विचारणाऱ्याला वाटही सांगता यायला हवी.

वेबसाइटचंही अगदी असंच आहे, बरं का. पानं तयार होतात तुमच्या संगणकावर. पण जगानं ती वाचायची, तर ती चोवीस तास चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर ठेवावी लागतात. त्या संगणकाला म्हणतात सर्व्हर. त्याच्यावर आपल्या पानांसाठी जागा घेणं म्हणजे होस्टिंग. आणि तिथं पोचायचा पत्ता म्हणजे वेबसाइटचं नाव, अर्थात डोमेन. फळा, फळ्याची जागा आणि वाट! तिन्ही जमलं तरच वाचक येणार.

आमच्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलांनी गावातल्या जुन्या विहिरींची माहिती गोळा केली. विहिरी निघाल्या अकरा. प्रत्येकीचं नाव काय, ती कुणी खोदली, पाणी किती दिवस टिकतं, हे सारं म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी वहीत उतरवलं. मग त्याची पानं केली. शाळेच्या संगणकावर ती झकास दिसत होती. शनिवारी वेबसाइट चढवली, गावभर पत्ता वाटला, आणि संध्याकाळी नाशिकहून एकीच्या आत्याचा फोन आला, ‘अगं, काहीच उघडत नाही!’

झालं! वर्गात रणधुमाळी. कोणी म्हणे, ‘बाई, हॅक झाली आपली वेबसाइट!’ कोणी म्हणे, ‘हिनंच काहीतरी चुकीचं दाबलं.’ जिनं पानं केली होती तिचे डोळे भरून आले. एक जण तर म्हणाला, ‘सगळं पुसून टाकू आणि पहिल्यापासून करू.’

थांबा! डॉक्टरांकडे गेल्यावर ते आधी काय करतात? कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे विचारतात. औषध नंतर. इथंही तसंच करायचं. ‘चूक कुणाची?’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ‘चूक कुठं?’ हा विचारायचा. त्यासाठी वाचकापासून पानापर्यंतच्या वाटेनं एकेक टप्पा तपासत जायचं. चला तर!

पहिला टप्पा : पत्ता

इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला एक आकडी पत्ता असतो. माणसांना आकडे लक्षात राहात नाहीत, म्हणून आपण नाव टंकतो, आणि त्या नावावरून आकडा शोधून देणारी एक यंत्रणा असते. तिला डीएनएस म्हणतात. पूर्वी सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत लिहिलेली असत आणि ती यादी सगळीकडे उतरवून घेतली जाई. संगणक वाढले, यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. २०१४पासून तर ‘डॉट भारत’ असं देवनागरीतलं नावही घेता येतं.

आता गंमत अशी, की ही यंत्रणा एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवते. त्यामुळं नवं नाव घेतलं किंवा जागा बदलली, की ती बातमी सगळीकडे पोचायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. एकाच वेळी तुमच्याकडे वेबसाइट उघडते आणि नाशिकला उघडत नाही, असं होऊ शकतं. ब्राउझर जर ‘सर्व्हर सापडत नाही’ असं म्हणत असेल, तर आधी पत्त्याचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा. ते बरोबर असेल तर धीर धरा. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर पहिलं पान उघडलं!

दुसरा टप्पा : जागा

नाव सापडलं, पण सर्व्हरच झोपलेला असेल तर? मग पान नुसतं गोल गोल फिरत राहातं. टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केली. १९९१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिची माहिती बाहेरच्या जगाला दिली. ती ठेवलेल्या संगणकावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नका! कारण कुणी चुकून बटण दाबलं असतं, तर सगळी वेबच बंद पडली असती. आहे की नाही गंमत?

आज सर्व्हर सहसा बटण दाबून बंद पडत नाही. पण जागेची मुदत संपते, भाडं भरायचं राहातं, किंवा एकदम खूप वाचक आले की तो थकतो. अशा वेळी दुसरी एखादी वेबसाइट उघडून पाहा. तीही उघडत नसेल तर दोष तुमच्या इंटरनेटचा. तीच तेवढी उघडत असेल तर जागा देणाऱ्यांना विचारा.

तिसरा टप्पा : फाइल

सर्व्हर जागा असेल तर तो आकड्यांत बोलतो. हे आकडे पाठच करून टाका. ४नं सुरू होणारा आकडा म्हणजे सर्व्हर म्हणतो, ‘तुमच्या मागण्यात काहीतरी चुकलंय.’ ५नं सुरू होणारा म्हणजे, ‘चूक माझ्याकडे झालीय.’ ४०४ म्हणजे मागितलेली फाइल इथं नाही. ४०३ म्हणजे ती दाखवायची परवानगी नाही. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतच काहीतरी बिघडलंय. ५०३ म्हणजे ‘आत्ता नाही, जरा वेळानं या.’

आमच्या चौथ्या विहिरीचं पान ४०४ म्हणत होतं. फाइल तर चढवलेली! मग? फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर होतं कॅपिटल, आणि दुवा देताना टंकलं होतं स्मॉल. शाळेच्या विंडोज संगणकाला कॅपिटल-स्मॉलचा फरक वाटत नाही. पण बरेचसे सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं! म्हणून सोपा नियम करा : फाइलचं नाव नेहमी स्मॉल अक्षरांत लिहा आणि त्यात मोकळी जागा सोडू नका. आणि हो, पहिल्या पानाच्या फाइलचं नाव बहुतेक ठिकाणी ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ असंच लागतं. सर्व्हर आधी तिलाच शोधतो.

चौथा टप्पा : चित्रं

पान उघडलं, पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन! शाळेत मात्र फोटो दिसत होते. का बरं? पानात फोटोचा पत्ता दिला होता ‘सी’ ड्राइव्हचा, म्हणजे शाळेच्या संगणकातल्या कपाटाचा. नाशिकचा मोबाईल आमच्या शाळेचं कपाट कसं उघडणार? फोटोही सर्व्हरवर चढवायचे आणि पत्ता तिथलाच द्यायचा.

फोटो दिसले तरी ते लौकर दिसायला हवेत. इथं थोडं गणित करू. मोबाईलनं काढलेला एक फोटो ४ मेगाबाइटचा धरा. अकरा फोटो म्हणजे ४४ मेगाबाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे ३५२ मेगाबिट. वाडीवर रेंज कमी असेल आणि सेकंदाला १ मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर लागतील ३५२ सेकंद. जवळजवळ सहा मिनिटं! तेच फोटो लहान करून प्रत्येकी २०० किलोबाइटचे केले तर? सुमारे १८ सेकंद. वाचक सहा मिनिटं थांबेल का, तुम्हीच सांगा.

पाचवा टप्पा : अक्षरं

एक पान गावातल्या छपाईवाल्या दादांनी टंकून दिलं होतं. ते त्यांच्या दुकानात सुरेख मराठीत दिसायचं आणि बाहेर मात्र इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! कारण जुन्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. तो फाँट जिथं नाही तिथं खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडायचं. यावर उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्यात जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिलेले आहेत. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग गट राखलेला आहे, आणि आपल्या ‘क’चा क्रमांक आहे २३२५. कुठल्याही देशातल्या संगणकावर हा क्रमांक ‘क’चाच!

पण युनिकोडमध्ये टंकूनही अक्षरं बिघडली तर? एका ‘क’च्या जागी तीन भलतीच चिन्हं दिसत असतील, तर ओळखा : पान यूटीएफ-८ पद्धतीनं साठवलंय, पण तसं ब्राउझरला सांगितलेलं नाही. या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांत बसतं. ब्राउझर त्या तिघांना वेगवेगळी तीन अक्षरं समजतो. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ असं नोंदवलं, की ‘क’ पुन्हा ‘क’ होतो.

सहावा टप्पा : जुनी प्रत

सगळं दुरुस्त केलं, तरी जुनंच पान दिसतंय? ब्राउझर वेळ वाचवण्यासाठी पाहिलेल्या पानाची प्रत जवळ ठेवतो आणि तीच दाखवतो. पान ताजं करा, खासगी खिडकीत उघडा, नाहीतर दुसऱ्या मोबाईलवर पाहा. अनेक मुलं इथंच फसतात. दुरुस्ती बरोबर झालेली असते, पण जुनी प्रत पाहून ती पुन्हा बदलतात आणि खरोखरच बिघडवतात!

आणखी एक. ‘ही वेबसाइट सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर तो झटकून पुढं जाऊ नका, मोठ्यांना दाखवा. मात्र सगळ्याच वेबसाइटवर तो येऊ लागला, तर आधी संगणकाची तारीख बघा. आतला छोटा सेल संपला की जुना संगणक काही वर्षं मागं जातो. मग वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत त्याला पटतच नाही.

आता दोन शिस्तीच्या गोष्टी. पहिली : एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कुठल्या औषधाला आला हे कळणार कसं? दुसरी : कशाला हात लावण्यापूर्वी सगळ्याची प्रत काढा.

ही दुसरी गोष्ट मी जरा जोर देऊन सांगते. अकरापैकी एक विहीर यंदा रस्त्याच्या कामात बुजली. ज्या आजोबांनी तिची हकिकत सांगितली, त्यांना आता नीट बोलता येत नाही. त्या दिवशी रागाच्या भरात मुलांनी ‘सगळं पुसून’ टाकलं असतं, तर ती विहीर दोनदा बुजली असती. आता तिची एक प्रत सर्व्हरवर आहे, एक पेनड्राइव्हवर, आणि एक छापून शाळेच्या कपाटात. जागा फुकट मिळाली म्हणून ती कायमची आपली होत नाही. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी जगभरातल्या लोकांनी लाखो पानं उभारली होती. २००९ साली ते ठिकाण बंद झालं. ज्यांनी प्रती ठेवल्या त्यांची पानं राहिली. काही पानं जाणत्या मंडळींनी धावपळ करून उतरवून घेतली. बाकीची गेली.

पालकहो, थोडं तुमच्यासाठी. वेबसाइटचं नाव आणि जागा शाळेच्या किंवा मोठ्या माणसाच्या ईमेलवर घ्या. विद्यार्थी शाळा सोडतो, शिक्षकांची बदली होते, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर निघून जातो. मुदत संपायची तारीख घरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. मुलांची पूर्ण नावं, फोन क्रमांक, घरचे पत्ते पानावर टाकू देऊ नका. आणि मूल रडवेलं होऊन आलं, की ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणण्याऐवजी ‘पडद्यावर नेमकं काय लिहिलंय, वाच बरं’ असं म्हणा. अर्धं काम तिथंच होतं.

करून पाहा : एखाद्या वेबसाइटच्या पत्त्यापुढं तिरपी रेघ देऊन काहीतरी वेडंवाकडं नाव टंका. कुठला आकडा दिसतो? मग मुख्य नावातलंच एक अक्षर काढून एक नसलेलंच नाव बनवा. आता तोच आकडा येतो, की निरोप वेगळा असतो? का वेगळा, हे वहीत दोन ओळींत लिहा. (वडीलधाऱ्यांना शेजारी बसवूनच हे करा. चुकीच्या नावामागं कधी कधी नको ती दुकानं थाटलेली असतात!) ज्याला हा फरक सांगता आला, त्याला पहिला आणि तिसरा टप्पा समजला असं मी म्हणेन.

तुमच्या बाई