वारस नोंदीत बहिणीचे नाव कुठे आहे?

आमच्या आजोबांचा इंतकाल १९८७ साली झाला. तालुक्याच्या गावात त्यांचे घर होते आणि जवळच्या खेड्यात पावणेतीन एकर जमीन. गेल्या वर्षी रस्त्याच्या कामामुळे तिकडचे भाव चढले, तेव्हा चुलत भावाने जमीन विकायला काढली. घेणाऱ्याच्या वकिलाने रीतीप्रमाणे जुने कागद काढले आणि त्यांत १९८८ सालचा एक फेरफार निघाला. वारस म्हणून आजी आणि दोन मुलगे, थोरल्या चाचांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. खाली एक ओळ : दोन्ही मुलींनी हिस्सा नको असल्याचा जबाब दिला आहे. जबाबावर दोन अंगठे.

माझी थोरली फुप्पी सातवी पास आहे. तिच्या निकाहनाम्यावर तिची स्वतःची सही आहे. मी तिला तो कागद मोबाइलवर दाखवला. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही रे. पण विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं की नाही, तेही सांगता येत नाही. माहेर तुटायची भीती होती.”

तिचे दुसरे वाक्य मला जास्त महत्त्वाचे वाटते. खोटा अंगठा हा गुन्हा आहे, त्याचे काय व्हायचे ते होईल. पण आपल्या कितीतरी घरांत खोट्या अंगठ्याची गरजच पडत नाही. बहीण स्वतःच येते आणि खरी सही करून जाते.

आपण सभांमधून अभिमानाने सांगतो की, इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला वारसा हक्क दिला. सूरह निसामध्ये हिस्से स्पष्ट आहेत. आमच्याच घराचा हिशेब मांडा : बायको, दोन मुलगे, दोन मुली. एकूण ४८ भाग धरले तर आजीचे ६, प्रत्येक मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. मुलीला मुलाच्या निम्मे का, हा वाद आपल्या चळवळीत जुना आहे आणि तो व्हायलाच हवा. पण आमच्या फुप्पीला निम्मेही मिळाले नाही, शून्य मिळाले. शरियतच्या रक्षणासाठी मोर्चे काढणारी माणसे तलाठी कार्यालयात शिरताना शरियत दाराबाहेर ठेवतात, असा माझा अनुभव आहे. आणि ‘ए.कु.मॅ.’ तर मुस्लिम कायद्यात नाहीच. जन्मतः मिळणारा वडिलोपार्जित हक्क आपल्याकडे नसतो. माणूस गेला की त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. तरी ती तीन अक्षरे पस्तीस-छत्तीस वर्षे सातबाऱ्यावर बसून राहिली, कारण ती कुणी वाचलीच नाहीत.

वाचणे अवघड नाही. नोंदणी कायदा १९०८ सालचा आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे दुय्यम निबंधक कार्यालयातले स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक आणि त्याची सूची फी भरून कुणालाही पाहता येते, नक्कल मागता येते. ‘तुमचा काय संबंध?’ हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. सूची क्रमांक दोनमध्ये कोणी, कोणाला, कोणती मिळकत, कितीला दिली ते एका पानात कळते. अलीकडचे दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सापडतात; जुन्यासाठी कार्यालय गाठावे लागते. सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळावर दिसतात, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. मात्र सातबारा पाहून थांबू नका. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, ते एकेक करून मागे मागे काढत जा. खरी कथा तिथे असते.

आपल्या लोकांची खास अडचण नावांची. एकच माणूस एका कागदावर अब्दुल रहेमान, दुसऱ्यावर अ. रहिमान, तिसऱ्यावर रहमानभाई असतो. बाईचे तर माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, आणि मध्ये ‘बी’ किंवा ‘भ्र.’ लागलेले. शोध घेताना शक्य ती सगळी रूपे टाकून पाहावीत. मराठवाड्यात निझामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत आणि १९५४ चे खासरा पत्रक हा तिथला मोठा आधार. पश्चिम महाराष्ट्रात जुने कागद मोडीत. घरातली उर्दू वाचणारी शेवटची म्हातारी माणसे आहेत तोवर ट्रंकेतले कागद त्यांच्यापुढे ठेवावेत, एवढे तरी करता येईल.

आता दुसरा मुद्दा, ज्यावर माझे काही मित्र रागावतील. ‘आपल्यात तोंडी हिबा चालतो, कागद कशाला?’ असे सर्रास म्हटले जाते. कायद्याने ते खरे आहे. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे, एवढे झाले की हिबा पुरा होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ ने मुस्लिम हिब्याला नोंदणीच्या नियमातून वगळले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हाफिझा बीबी खटल्यात तेच मान्य केले. पण तोंडी हिब्याचा फायदा व्यवहारात कोणाला होतो ते पाहा. ज्याच्या हातात ताबा आहे, ज्याच्या बाजूने चार साक्षीदार उभे राहतात, त्याला. वडिलांनी मुलीला ‘ही वरची खोली तुझी’ म्हटले आणि ती सासरी गेली, तर ताबा कुठला आणि साक्षीदार कुठले? नोटरीपुढे केलेला हिबानामा सूची दोनमध्ये दिसत नाही. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुला-मुलीला, नातवंडांना वा जोडीदाराला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, नोंदणीचा खर्च वेगळा. लग्नातल्या एका देगेच्या बिर्याणीहून हे स्वस्त पडते. ज्यांचा मुलगा आधीच वारला आहे त्यांनी तर अजिबात वेळ घालवू नये. दुसरा मुलगा हयात असेल तर सुन्नी कायद्यात त्या अनाथ नातवंडांना आजोबांचा वारसा मिळत नाही. त्यांच्यासाठी हयातीतला हिबा किंवा एक तृतीयांशापर्यंतचे वसीयतनामा हेच मार्ग उरतात.

हक्कसोड पत्रालाही ५०० रुपयेच लागतात, आणि तिथे हीच स्वस्ताई बहिणींच्या मुळावर येते. चाळीसाव्याला सगळे जमलेले असतात, डोळे अजून ओले असतात, आणि भाऊ म्हणतो, “आपा, उद्या जरा ऑफिसात येऊन जा, नुसती सही आहे.” बहिणीने हिस्सा सोडायचा की नाही हा तिचा प्रश्न. पण आधी वारस नोंदीत तिचे नाव लागू द्या. कागदावर हिस्सा आला, तो किती हे तिला कळले, वर्ष गेले, मग तिला सोडायचाच असेल तर सोडू दे. इद्दतीत बसलेल्या आईचा अंगठा घेण्याची घाई तर कुणी करूच नये.

गेल्या वर्षी ६ जूनला वक्फच्या मिळकतींसाठी उमीद पोर्टल सुरू झाले. सहा महिन्यांत सगळे कागद चढवायचे म्हणून गावोगावचे विश्वस्त मशिदीचे, कब्रस्तानाचे जुने उतारे शोधत फिरले. ती धावपळ गरजेची होती. त्याच साली १ एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम चालली. मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठी ती होती. तिच्याबद्दल आमच्या जमातीत एका जुम्म्यालाही घोषणा झाली नाही.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. घर घेतले तेव्हा त्याचे खरेदीखत काउंटीच्या कार्यालयात नोंदले गेले; ती दफ्तरे तिथेही कुणालाही पाहता येतात. नोंद झाली म्हणजे मालकी शंभर टक्के पक्की असे तिथेही नाही, त्यासाठी लोक वेगळा विमा काढतात. आपल्याकडे उलटा गैरसमज आहे : सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला. तसे नाही. फेरफार मुळात महसुलासाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. अंगठ्याचा जबाब म्हणजे नोंदणीकृत हक्कसोड नव्हे. भाऊ एवढी वर्षे जमीन कसत होता एवढ्यानेच बहिणीचा हिस्सा संपत नाही. मात्र उशीर महाग पडतो. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपिलाची मुदत ६० दिवसांची. इतक्या वर्षांनी जायचे तर उशिराचे कारण पटवून द्यावे लागते, नाहीतर वाटपाचा दिवाणी दावा.

घराच्या मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव आहे. ही आळशीपणाची कृपा. तिथे नगर भूमापन कार्यालयात चारही मुलांच्या वारसांची नावे घालून अर्ज दिला आहे, फुप्पीच्या सहीने. जमिनीच्या फेरफाराविरुद्ध अपील तयार आहे. चुलत भाऊ सध्या माझ्याशी बोलत नाही. फुप्पीशी मात्र बोलतो, परवा तिच्याकडे आंबे देऊन गेला. तिने आंबे ठेवून घेतले आणि अपिलावर सही केली.