बाटलीवर मत चालतं, मग राज्यावर का नाही?

सुलतानपूर आणि पंचक्रोशीतल्या समस्त मतदार बंधू-भगिनींनो,

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर सरकारने त्याचा रस्ता आखून दिलेला आहे. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची. सह्या तपासल्या जातात, अधिकारी येतात, मतपेटी मांडतात. उभी बाटली की आडवी बाटली, यावर शिक्का मारायचा. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकानाला कुलूप. आणि हे निम्मं झालेल्या मतदानाचं नव्हे, यादीतल्या एकूण महिलांचं. इतकी कडक अट घालून का होईना, पण या प्रश्नाचा निकाल आपल्या माय-बहिणींनी लावावा हे सरकारने मान्य केलं आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाला खाली उतरवायचं झालं, तरी सदस्यांच्या ठरावावर ग्रामसभेचं गुप्त मतदान लागतं.

आता दुसरा प्रश्न. सुलतानपूर कोणत्या राज्यात असावं? हे आपल्या आज्याला, बापाला किंवा आपल्याला कोणी कधी हातात मतपत्रिका देऊन विचारलं आहे का?

१८५३ साली निजामाने कर्जापोटी आपला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला. इंग्रज आणि निजाम आपल्याला विचारणार नव्हतेच, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण स्वातंत्र्यानंतर काय झालं? फाजल अली आयोगाने १९५५ साली वऱ्हाडासह विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. ती बाजूला पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. दोन्ही वेळा बिऱ्हाड हललं, घरमालकाला न विचारता.

त्या १९५६ च्या बदलावर बाबुलाल पराते कोर्टात गेले होते. मूळ प्रस्ताव महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन भाग करण्याचा होता. राज्यांच्या विधानसभांचं मत त्यावर घेतलं गेलं. संसदेत मात्र तो बदलून एकच मोठं द्विभाषिक राज्य झालं. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा विचारायला नको होतं का, असा पराते यांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निकाल दिला: गरज नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे राष्ट्रपती विधानसभेचं मत मागवतात, पण ते पाळायचं बंधन संसदेवर नाही. २०१४ साली आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी तेलंगणा झालाच. आणि अनुच्छेद ४ तर म्हणतो की राज्याच्या सीमा, नाव, अस्तित्व बदलणारा असा कायदा ही घटनादुरुस्तीच समजायची नाही. साध्या बहुमतावर काम भागतं. विधानसभेचीच ही गत, तिथे सुलतानपूरच्या मतदाराला कोण विचारतो?

कोणी म्हणेल, आपल्या देशात असं मतदान बसतच नाही. बसतं. गोव्यात बसलं.

महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, या एका प्रश्नावर गोव्याच्या लोकांनी १६ जानेवारी १९६७ ला मतदान केलं. त्यासाठी संसदेने १९६६ साली स्वतंत्र कायदा केला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी होते. त्यांचं सरकार आधी पायउतार झालं, राष्ट्रपती राजवट आली, मग मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०.

आता पुढचं नीट वाचा, कारण हे पत्रक काढण्याचं कारण तेच आहे. १९६३ च्या निवडणुकीत बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, तेव्हा लोकांनी विलीनीकरणाला कौल दिला असं सांगितलं गेलं. जानेवारी १९६७ मध्ये त्याच लोकांनी विलीनीकरण नाकारलं. आणि मार्च १९६७ मध्ये त्याच बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं! लोक गोंधळलेले नव्हते. माणूस हवा होता, त्याचा मुद्दा नको होता. निवडणुकीत हे दोन्ही एकाच शिक्क्यात दाबले जातात. प्रश्न वेगळा विचारला, तेव्हा उत्तर वेगळं आलं.

म्हणून विदर्भवादी उमेदवारांची डिपॉझिटं जप्त होतात, याचा अर्थ लोकांना विदर्भ नको, हा मुंबईचा आवडता दाखला खोटा आहे. आणि १९७१ साली विदर्भवादी जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले, याचा अर्थ सगळ्या विदर्भाने कौल दिला, हा नागपूरचा दाखलाही तेवढाच खोटा. मतदाराने मत उमेदवाराला दिलं, जातीला दिलं, पक्षाला दिलं, पाण्याच्या टाकीला दिलं. राज्याच्या प्रश्नाची मतपत्रिका छापलीच नाही, तर तिचा निकाल कुठून काढता?

१९९७ साली भुवनेश्वरात विदर्भाचा ठराव करणारा भाजप पुढे दिल्लीत आणि मुंबईत सत्तेवर बसला. २००० साली तीन नवी राज्यं झाली, त्यांत विदर्भ नव्हता. काँग्रेसच्या विदर्भप्रेमाबद्दल न बोललेलं बरं. डिसेंबर २०१५ मध्ये महाधिवक्ता असलेल्या श्रीहरी अणे यांनी विदर्भावर जनमत घ्या म्हटलं, तर केवढा गदारोळ झाला ते आठवा. जनमंच संघटनेने नागपूर-अमरावतीत स्वतःच्या पेट्या मांडून लोकांचं मत घेतलं, त्यांच्या कष्टांना सलाम. पण अशा पेटीपर्यंत येतो तो आधीच ठरवून आलेला माणूस. घरी बसलेल्यांचं काय? सरकारी मतदार यादी, निवडणूक आयोग आणि आचारसंहिता असल्याशिवाय कौलाला वजन येत नाही.

आम्ही स्वतः कोणत्या बाजूचे? आमच्यातच दोन तट आहेत, आणि ते पत्रक काढताना मिटलेले नाहीत. सुलतानपूरला नागपूरपेक्षा जालना जवळ आहे. विदर्भ झाला तर मुंबईची हुकमत जाऊन नागपूरची येईल, ही वऱ्हाडी माणसाची भीती खोटी नाही. उलट, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेली वचनं कुठे गेली, विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपल्यावर त्याला वाली का उरला नाही, हे विचारणाराही खोटा नाही. सोयाबीनच्या भावाने दोघांचंही कंबरडं सारखंच मोडलं आहे. दोघांनाही एकेक मत द्या.

खर्च फार होईल म्हणता? नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा मांडव दरवर्षी उभारताना हा हिशेब कोणी मांडत नाही. लोकांना कळणार नाही म्हणता? अमेरिकेत राज्यांच्या स्वतःच्या घटना आहेत आणि एकटं डेलावेअर सोडलं, तर विधिमंडळाने केलेली घटनादुरुस्ती प्रत्येक राज्यात मतदारांपुढे ठेवावीच लागते. ४ नोव्हेंबर २०२५ ला कॅलिफोर्नियाने मतदारसंघांच्या सीमांच्या एका दुरुस्तीसाठी विशेष निवडणूक घेतली. तिथला मतदार आईच्या पोटातून घटनेचा अभ्यास करून येत नाही. प्रश्न समोर आला की माणूस शिकतो, चर्चा करतो, भांडतो. बाटलीच्या मतदानात आपल्याच बाया हे करून दाखवतात.

आमची मागणी अशी. विधिमंडळाने ठराव करून केंद्राला कळवावं. संसदेने गोव्यासारखा जनमत कायदा करावा. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत एकाच दिवशी मतदान घ्यावं, पण ते जिल्हा परिषद, विधानसभा किंवा लोकसभेच्या निवडणुकीला जोडू नये. जोडलं की पुन्हा तोच काला. प्रश्न एक, निशाण्या दोन, कोणत्याही पक्षाचं चिन्ह नाही. आचारसंहिता लागल्यापासून भूमिपूजन आणि अनुदानाच्या घोषणा बंद. निकाल तालुकावार जाहीर व्हावा, म्हणजे आपल्या लोणार-मेहकरचा आवाज नागपूरच्या बेरजेत बुडणार नाही.

सुरुवात ग्रामसभेपासून. १ मे च्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असं लेखी निवेदन सरपंचांना देत आहोत. ठरावात विदर्भ हवा किंवा नको असं काहीही नसेल. मजकूर एवढाच: “आमच्या राज्याबाबतचा प्रश्न आम्हाला स्वतंत्र गुप्त मतदानाने विचारावा.” विदर्भवाद्यांनी यावं, अखंड महाराष्ट्रवाल्यांनीही यावं. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब, असा शेरा त्या दिवशी बुकात पडता कामा नये.

आपले,
सुलतानपूर येथील काही मतदार