हळदीकुंकू कोणाचे ?

मार्गशीर्ष लागला म्हणजे घाटाखालच्या आमच्या मुलखास निराळीच कळा येते. कपाशीची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात आणि पहाटे सातपुड्यावरून उतरणारा वारा अंगावरचे पांघरूण सोडू देत नाही. चंपाषष्ठी झाली की वांग्याच्या भरितास कोणाचीच आडकाठी राहत नाही. शेतातल्या देवळापुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजले जातात आणि एका घराच्या निमंत्रणावर चार घरांची पंगत उठते. खानदेशच्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदाचे नाव ज्याच्या पुढे जोडले गेले, त्या आमच्या ह्या गावात आगगाडी येत नाही. तरीही पुण्याकडे किंवा सुरतेकडे पोटामागे गेलेली मंडळी नांदुऱ्यास वा शेगावास उतरून, मोटारीत दाटीवाटीने बसून, ह्याच दिवसांत घरी येतात. लेकी माहेरी येतात. अबोला धरलेले भाऊ निदान एका पंगतीस बसतात.

सणवारांत वेळ व पैसा व्यर्थ जातो, असा ठपका ठेवणारे सुधारक पूर्वी पुष्कळ होते. आम्ही त्यांतले नव्हे. वर्षभर ज्या माणसाचे तोंड दिसत नाही त्याच्या घरी दोन घटका जाऊन बसणे, त्याच्या मुलाची चौकशी करणे, जमल्यास एखादी सोयरीक जुळवणे, ही कामे पत्राने किंवा तारेने होत नाहीत. हल्लीच्या भ्रमणध्वनीनेही होत नाहीत. हिवाळ्यातले हे जाणे-येणे ही गावाची मोठी दौलत आहे, आणि ती सर्वांस सारखी वाटली जाते की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तो प्रश्न संक्रांतीस उभा राहतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते. बायकांच्या जाण्या-येण्याचा हा वर्षातला सर्वांत मोठा प्रसंग. नवी सून गल्लीस परिचित होते ती येथेच. पण ज्या घरी तीळ भाजण्यापासून गुळाचा पाक साधण्यापर्यंत सारी मेहनत घरातल्या विधवा जावेने किंवा नणंदेने केलेली असते, त्याच घरी पहिली सवाशीण उंबरठ्यावर आली की ती आतल्या खोलीत निघून जाते. तिला कोणी जा म्हणत नाही. म्हणावे लागत नाही, हेच आम्हांस अधिक शोचनीय वाटते. ज्या पुरुषाची बायको वारली त्याच्यावर असा कोणताही निर्बंध नाही. तो दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत अक्षता टाकावयास मोकळा असतो.

आमच्या जिल्ह्याने तरी ह्या बाबतीत मागे राहण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास सिंदखेडराजा आहे. तेथे दर वर्षी १२ जानेवारीस जिजाऊसाहेबांच्या जन्मोत्सवास लोक लोटतात, आणि आमच्या गावातूनही माणसे जातात. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजे वारले. त्यानंतर १७ जून १६७४ पर्यंत, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ, ही राजमाता विधवा होती. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा मातोश्री हयात होत्या. मराठ्यांच्या इतिहासातल्या त्या सर्वांत मंगल दिवशी त्यांच्यामुळे अपशकुन झाला असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? १२ तारखेस त्यांच्या प्रतिमेस हार घालावयाचा आणि दोन-तीन दिवसांनी संक्रांतीस आपल्याच भावजयीस दार लावावयाचे, ह्या दोन गोष्टी एकाच आठवड्यात आम्ही करतो, आणि त्यांतली विसंगती आमच्या लक्षातही येत नाही.

ताराबाई शिंदे ह्याही बुलढाण्याच्याच. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेस १८८१ साली बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली, तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून रोकडा सवाल केला, की दोष पुरुषांच्या अंगी नाहीत काय ? त्यांच्यावर एवढी टीका झाली की पुढे त्यांचे दुसरे पुस्तक निघाले नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. विधवाविवाहाचा कायदा तर त्याच्याही आधी, १८५६ सालीच झालेला आहे. कायद्याने लग्नाचा मार्ग मोकळा होऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला, आणि हळदीकुंकवाचा मार्ग अजून मोकळा व्हावयाचा आहे !

वऱ्हाडात ह्या प्रश्नास आणखी एक धार आहे, आणि व्यापारी बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. कापसाच्या व कर्जाच्या पेचात सापडून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या ह्या भागातून वारंवार आल्या. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांकरिता मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. ह्या आत्महत्यांमागे राहिलेल्या स्त्रिया पुष्कळदा तिशीतल्या असतात. सातबारा त्यांच्या नावे होतो आणि कर्जही त्यांच्याच माथी येते. अशी बाई कापसाची गाडी भरून बाजारात आणते, भाव विचारते, पावतीवर सही करते. तिची सही चालते, तिचा कापूस चालतो, उधारीच्या वहीत तिचे नाव चालते. आणि त्याच दुकानदाराच्या माडीवर तिच्या हातचे कुंकू चालत नाही. निवडणुकीच्या सुमारास मांडवात होणारी हळदीकुंकवे ह्या हिशोबात आम्ही धरत नाही. तेथे मते मोजावयाची असतात, आणि विधवेचे मत पूर्ण भरते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या मरणानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या चाली बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. ठराव उत्तम, पण हळदीकुंकवाचे आमंत्रण ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने जात नाही. ते घरची बाई देते.

कोणी म्हणेल, की विधवांसच हे नको असते; बोलावले तरी त्या येत नाहीत. हे पुष्कळ अंशी खरे आहे. ज्या बाईने वीस वर्षे आतल्या खोलीत काढली ती एका हाकेने बाहेर येईल, ही अपेक्षाच चुकीची. तिला भय असते ते शास्त्राचे नव्हे, शेजारणीच्या डोळ्यांचे. तेव्हा आमंत्रण मुलाबरोबर धाडून भागावयाचे नाही. घरातल्या वडीलधाऱ्या सुवासिनीने स्वतः तिच्या घरी जावे, आणि पहिले बोट आपल्या सुनेच्या आधी तिच्या कपाळी लावावे. तिला कुंकू नको असेल तर तिळगूळ व वाण द्यावे, पण तिची जागा बैठकीत असावी. अलीकडे केवळ विधवांची निराळी हळदीकुंकवे काही ठिकाणी भरू लागली आहेत. त्यांचा हेतू चांगला, व सुरुवात म्हणून आम्ही त्यांस नावे ठेवीत नाही. तथापि निराळी पंगत ही कितीही सन्मानाची असली तरी निराळीच. छायाचित्रकारासमोर दहाजणींस साडी देण्यापेक्षा आपल्या गल्लीतल्या एकीस चारचौघींत बसविणे अधिक कठीण आहे.

माघ वद्य सप्तमीस शेगावी श्रीगजाननमहाराजांचा प्रकटदिन असतो. त्याच्या आधी वऱ्हाडातल्या वाटांवर पायी दिंड्या लागतात. त्यांत डोक्यावर तुळस घेतलेल्या बायांत सवाशीण कोण आणि विधवा कोण, हे कोणी विचारीत नाही. फुगडीस हात मागताना तर नाहीच. ह्याच बाया चार दिवसांनी आपापल्या गल्लीत परततात. दिंडीच्या वाटेवर ज्या हाताची अडचण झाली नाही, त्याची घरच्या बैठकीत का व्हावी, ह्याचे उत्तर ज्यांच्या घरी यंदा हळदीकुंकू आहे त्यांनी आमंत्रणाची यादी करतानाच द्यावे. यादी बहुधा संक्रांतीच्या आदल्या रात्री होते, आणि ती करताना घरातले पुरुषही जवळ बसलेले असतात.