रंगीत चष्मा घेण्याआधी

मूल वाचताना ओळ सोडतं, अक्षरं हलतात म्हणतं, वाचायला बसवलं की डोकं धरतं. मग कुणीतरी सुचवतं, रंगीत काचांचा चष्मा करून घ्या. पालकहो, पैसे मोजण्याआधी जरा ऐका.

१९८३ साली कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लेन यांनी असं मांडलं, की काही जणांना प्रकाशातल्या ठरावीक रंगछटांचा त्रास होतो आणि त्यामुळे वाचन अडतं. त्यांच्या पद्धतीत पानावर एकेका रंगाची पारदर्शक पट्टी ठेवतात, ज्या रंगाने मुलाला बरं वाटेल तो ठरवतात आणि पुढे त्या रंगाची काच देतात. म्हणजे निदानाची भिस्त मुलाच्या उत्तरावर. शेजारी आई आशेने बघतेय, समोरची बाई प्रेमाने विचारतेय, ‘आता बरं दिसतंय ना?’ आठ वर्षांचं पोर दुसरं काय म्हणणार!

स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना त्यांची ‘ठरवून दिलेली’ रंगीत पट्टी, भलत्याच रंगाची पट्टी आणि बिनरंगी पट्टी लावून वाचायला दिलं. वाचनात फरक पडला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी तर २००९ सालीच एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं, की या उपायाला शास्त्रीय आधार नाही.

वाचन शिकण्याच्या अक्षमतेत, म्हणजे डिस्लेक्सियात, मुख्य अडचण असते ती अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालण्याची. ‘प्र’ मुलाला दिसतो तुमच्याआमच्यासारखाच, पण त्यातला प आणि र सोडवून पुन्हा जोडताना ते दमतं. काच निळी असो की गुलाबी, ते काम मेंदूलाच करायचं असतं. त्यासाठी ध्वनीपासून सुरुवात करून, पायरीपायरीने, पुन्हापुन्हा शिकवावं लागतं. काम कंटाळवाणं आहे आणि त्याची जाहिरात करता येत नाही.

डोळे मात्र जरूर तपासा, पण नेत्रतज्ज्ञाकडे. शाळेच्या शिबिरात लांबचा तक्ता वाचता आला की मूल पास. प्लस नंबर असलेली कितीतरी मुलं डोळ्यांवर ताण देऊन तो तक्ता घडाघडा वाचतात आणि पुस्तक उघडलं की थकतात. म्हणून थेंब घालून नंबर काढायला सांगा. जवळचं पाहताना दोन्ही डोळे नीट आत वळतात का, हेही विचारा. तो दोष असेल तर त्यावर व्यायाम आहेत. अक्षरं हलतात किंवा दोन दोन दिसतात, ही तक्रार त्यातूनही येते.

मायग्रेनमध्ये उजेड सोसत नाही, अशा काहींना विशिष्ट छटेच्या काचांनी आराम पडतो. ती गोष्ट निराळी, तिची वाचन शिकण्याशी गल्लत नको.

आणि मुलाला पानावर रंगीत प्लॅस्टिक ठेवायला आवडत असेल तर खुशाल ठेवू द्या. स्टेशनरीच्या दुकानातली पारदर्शक फाइल कापली तरी चालते. हसू नका, ओरडू नका. फक्त त्यापायी शिकवणं थांबवू नका. रंग शोधत एक इयत्ता निघून गेली, तर ती भरून काढणं महाग पडतं.

डोळे ठीक असूनही वाचन अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायन रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं की राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. त्यासाठी दहावीचं वर्ष उजाडायची वाट पाहू नका. शिक्षकांच्या नोंदी आणि मुलाच्या जुन्या वह्या आतापासूनच जपून ठेवा, तपासणीच्या वेळी उपयोगी पडतात.