डीपीवरील पंपांच्या पाळ्या ठरवून मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, परभणी

विषय : पिंगळी (ता. जि. परभणी) येथील कृषिपंपांच्या डीपींवरील भाराचे गावपातळीवर नियोजन करण्यास मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

रब्बीत हरभरा-गव्हाच्या पाण्याची वेळ सगळ्यांची एकदमच येते. ६३ केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीचे साधारण ११ पंप नीट चालतात. पण वीज येताच ऑटो स्विचवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फ्यूज उडतो, व्होल्टेज पडते, मोटारी नुसत्या गुरगुरतात. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार पिळली, की पुढचा दणका थेट डीपीलाच बसतो.

वाढीव डीपी हवीच. परंतु आमची पहिली मागणी ती नाही. आहे ती वीज वाटून घेण्याची आमची तयारी आहे. पाटाच्या पाण्याची पाळी मोडणाऱ्याला जाब विचारता येतो, तसा डीपीवर कोणी कोणाला विचारू शकत नाही. पण विजेलाही अशी शिस्त लागू शकते. नेपाळमधील ओढ्यांवरच्या लहान जलविद्युत केंद्रांत घरटी विजेची मर्यादा ठरलेली असते व गिरण्या दिवसा चालतात. पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत २०१२ पासूनच्या सौर वीजकेंद्राचा कारभार गावानेच पाहिला. पिंगळीला हे अशक्य नाही.

म्हणून प्रत्येक डीपीवरील पंपांची मंजूर भारासह यादी ग्रामपंचायतीत लावावी. पंपांचे दोन गट करून ते पंधरा मिनिटांच्या अंतराने सुरू करण्याचा नियम ग्रामसभेच्या ठरावाने करू. त्याला आपण लेखी मान्यता द्यावी. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसविण्यासाठी गावात शिबिर घ्यावे. तेवढ्याने त्याच डीपीवर आणखी एक-दोन पंपांची जागा निघते.

सर्वांत महत्त्वाचे वेळापत्रकाचे. रात्री अंधारात, साप-विंचवाच्या भीतीने बांधावर जायचे नसते म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतो. नुसत्या आवाहनाने तो स्विच निघणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून आमच्या फीडरला दिवसा वीज द्यावी. तोवर थ्री फेजचे वेळापत्रक हंगामभर एकच ठेवावे, बदल असल्यास आदल्या दिवशी कळवावा.

यासाठी पेरणी आटोपण्यापूर्वी महावितरण, ग्रामपंचायत व शेतकरी यांची संयुक्त बैठक आपण बोलवावी, ही विनंती.

आपले नम्र,
पिंगळी शिवारातील कृषिपंपधारक शेतकरी

प्रत माहितीस्तव : अधीक्षक अभियंता, महावितरण, परभणी